चोवीस एकादश्या, आषाढी कोणती?

२०२५ सालच्या वटपौर्णिमेची संध्याकाळ. वाणात आलेले आंबे सौ. धुऊन ठेवीत होती, आई झोपाळ्यावर जपमाळ ओढीत बसली होती, आणि मी नव्या वर्षाच्या अभ्यासक्रमाचे कागद पुढे घेऊन वाचण्याचे सोंग करीत होतो. एवढ्यात आतल्या खोलीतून आमचे चिरंजीव बाहेर आले. बारावीचा निकाल चांगला लागून महिना लोटला होता, तेव्हा त्या बाजूने काही अशुभ येण्याचा संभव नव्हता. तरीही चेहरा पार उतरलेला.

"बाबा, मोनॅको हलवलं!"

आईची जपमाळ थांबली. "कुणाला हलवलं रे? कुठल्या इस्पितळात?"

आईचा काही दोष नाही. आमच्या इमारतीत 'हलवलं' हा शब्द सहसा चांगल्या अर्थाने कानांवर येत नाही. चिरंजीवांनी मग खुलासा केला. फॉर्म्युला वन या मोटारींच्या जागतिक शर्यतींचे २०२६ सालचे वेळापत्रक त्याच दिवशी जाहीर झाले होते. भूमध्य समुद्राकाठच्या मोनॅको नावाच्या चिमुकल्या संस्थानातली शर्यत वर्षानुवर्षे मेच्या अखेरच्या रविवारी होत आली, ती आता ७ जूनला गेली होती. आणि तिच्या जागी मे महिन्यात कॅनडाची शर्यत येऊन बसली होती.

"एवढंच ना?" सौ. म्हणाली. "मग तोंड कशाला पाडायचं? दोन आठवड्यांचा तर फरक!"

हा प्रश्न सौ.ने सहज विचारला. पण तो वाटतो तितका साधा नाही. जगभरचे लाखो शौकीन या एका प्रश्नावर वर्षानुवर्षे भांडत आहेत. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी जमणारी मंडळीही त्यालाच अपवाद नाहीत. त्यांची मते मी इतकी वर्षे चहाच्या कपांबरोबर ऐकत आलो आहे. मराठीच्या अध्यापकाला मोटारीच्या इंजिनातले कळत नाही. परंतु माणसे कशासाठी हळहळतात एवढे थोडेफार कळते. म्हणून दिवाळीच्या या गप्पांत हा विषय काढण्याचे धाडस करतो आहे.

ज्यांच्या घरी हे वेड नाही, त्यांच्यासाठी थोडी प्रस्तावना. या जागतिक अजिंक्यपदाची सुरुवात १३ मे १९५० रोजी इंग्लंडातल्या सिल्व्हरस्टोन येथे झाली. त्या वर्षी शर्यती होत्या अवघ्या सात. त्यांतली अमेरिकेतली इंडियानापोलिसची शर्यत नावापुरतीच मोजलेली. युरोपातले मोटारवीर तिकडे सहसा फिरकत नसत. पुढे आकडा वाढत गेला. १९९० च्या दशकात तो सोळा-सतरावर होता. २०२४ साली तो चोवीस झाला, २०२५ लाही चोवीस, आणि २०२६ साठी जी पत्रिका त्या वटपौर्णिमेला निघाली तिच्यातही चोवीस. शिवाय २०२१ पासून काही आठवड्यांत शनिवारी एक छोटी शर्यत होऊ लागली, ती निराळीच. वर्षाचे रविवार बावन्न. त्यांतले चोवीस आमच्या घरी दूरदर्शन संचापुढे जातात. उरलेल्या अठ्ठावीसांत लग्ने, मुंजी, बारशी आणि घरातली जळमटे बसवायची, अशी सौ.ची तक्रार आहे. ती बिनबुडाची आहे असे मी तरी म्हणणार नाही.

आता मंडळींची मते ऐका.

समोरच्या बिऱ्हाडातले बँकेतले काका हे जुन्या पिठाचे. घरी केबल आली त्या वर्षापासून ते शर्यती बघतात. त्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक शर्यतीला वर्षातली आपली अशी एक जागा असते. मोनॅको म्हणजे मे, सिल्व्हरस्टोन म्हणजे जुलै, मोंझा म्हणजे सप्टेंबर, आणि जपानातले सुझुका म्हणजे शरद ऋतू, सगळ्या वर्षाचा निकाल लागण्याची वेळ. १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन वर्षे प्रॉस्ट आणि सेना यांच्यातला झगडा सुझुकालाच मिटला. दोन्ही वेळा टक्कर होऊन. २०२४ पासून सुझुका एप्रिलमध्ये गेले. काका म्हणतात, "पाचव्या अंकातला प्रवेश पहिल्या अंकात नेऊन ठेवलात, तर नाटकाचं काय होणार?"

मोनॅकोचे त्यांचे दुःख त्याहून खोल आहे. मेच्या त्या एकाच रविवारी मोनॅकोची शर्यत आणि इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत अशा दोन्ही होत असत. आमच्या घड्याळाप्रमाणे पहिली दिवेलागणीला, दुसरी रात्री जेवणे आटोपल्यावर. काकांच्या लेखी ती वर्षातली महापर्वणी. त्या दिवशी काकू माहेरी जातात, असा शिरस्ता पडून गेला आहे. २०२६ च्या पत्रिकेत इंडियानापोलिसच्या दिवशी, म्हणजे २४ मेला, मोनॅकोऐवजी कॅनडा आहे. एकाच खंडात एकाच दिवशी दोन शर्यती. काका विचारतात, "हे जुळवणाऱ्याच्या घरी भिंतीवर कालदर्शिका नाही काय?"

वरच्या मजल्यावरची महाविद्यालयात जाणारी मुलगी मात्र काकांचे काही चालू देत नाही. २०२० साली सगळे घरात कोंडले गेले तेव्हा तिने या शर्यतींवरची एक मालिका पाहिली आणि तेव्हापासून तिला हे वेड लागले. ती म्हणते, "काका, तुमच्या मोनॅकोच्या रस्त्यावर एक गाडी दुसरीच्या पुढे जाऊ शकत नाही. शनिवारी क्रम लागला की रविवारी मिरवणूक! त्यापेक्षा लास वेगास बरं." लास वेगासची शर्यत २०२३ पासून सुरू झाली. ती तिकडे शनिवारी रात्री होते, म्हणजे आमच्याकडे रविवारी सकाळी. पोह्यांची बशी हातात घेऊन रात्रीच्या दिव्यांतली शर्यत पाहावी, यासारखे सुख नाही, असे या मुलीचे मत. शिवाय तिचा आणखी एक मुद्दा आहे, आणि तो मला विचार करायला लावणारा वाटतो. ती म्हणते, "युरोपातच सगळ्या शर्यती व्हाव्यात, असं म्हणणारे युरोपातले. आपण कशाला त्यांच्या बाजूनं रडायचं?"

सुझुकाबद्दलही तिच्यापाशी उत्तर आहे. जपानात शरद ऋतू म्हणजे वादळांचाही ऋतू. २०१४ साली वादळाच्या सावटाखाली, मुसळधार पावसात तिथे शर्यत झाली. ज्यूल्स बियांकी या तरुण फ्रेंच मोटारवीराला त्या दिवशी भीषण अपघात झाला आणि पुढल्या जुलैमध्ये तो गेला. २०१९ साली वादळामुळे शनिवारचा सगळा कार्यक्रम रद्द करावा लागला. एप्रिलमध्ये निदान ती भीती नाही. यावर काका गप्प बसतात, आणि चहा निवतो.

चिरंजीवांचे मत या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. त्याच्याजवळ जगाचा नकाशा आहे आणि त्यावर त्याने दोरे लावले आहेत. २०२३ साली ३० एप्रिलला शर्यत होती कास्पियन समुद्राकाठच्या बाकूला, आणि पुढच्याच रविवारी, ७ मेला, अमेरिकेतल्या मायामीला. आठ दिवसांत गाड्या, हत्यारे, टायर, माणसे, सगळा संसार विमानात घालून अर्धी पृथ्वी ओलांडायची! कॅनडाची शर्यत तर वर्षानुवर्षे युरोपातल्या शर्यतींच्या ऐन मध्यावर यायची. एकदा अटलांटिक ओलांडून जायचे आणि लगेच परत यायचे. २०२६ मध्ये मोनॅको हलवले ते त्यासाठीच. मायामी आणि कॅनडा एकाच महिन्यात यावेत, आणि मग युरोपचा हंगाम सलग चालावा. "म्हणजे बाबा," तो मला म्हणाला, "कारण बरोबर आहे. तरी वाईट वाटतं. असं कसं?"

असे कसे, याचा मी त्या रात्री बराच विचार केला.

ही पत्रिका कशी बनते ते आधी सांगितले पाहिजे. प्रत्येक ठिकाणचा यजमान शर्यत मिळावी म्हणून खेळाचे व्यापारी हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना मोठी रक्कम देतो. पूर्वी हा कारभार बर्नी एक्लस्टन यांच्या मुठीत होता. २०१७ सालापासून तो लिबर्टी मीडिया या अमेरिकन कंपनीकडे आहे. यजमानाच्या पदरात पडते ती मुख्यतः तिकिटांची विक्री. आता आखाती देशांत हा खर्च राज्याच्या तिजोरीतून होतो. युरोपातल्या जुन्या जागांना मात्र तो बहुतांशी प्रेक्षकांच्या खिशातून काढावा लागतो. तेव्हा कुणाची बाजू लंगडी पडणार, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

परिणाम डोळ्यांपुढे आहेत. पहिली ग्रां प्री ज्या देशात १९०६ साली भरली, त्या फ्रान्समध्ये २०२२ नंतर शर्यत नाही. जर्मनीची जर्मन नावाने झालेली शेवटची शर्यत २०१९ ची. हॉलंडमधल्या झांडफोर्टची कथा तर ऐकण्यासारखी आहे. वाळूच्या टेकड्यांतली ही समुद्राकाठची जागा १९८५ नंतर यादीतून गेली. शौकिनांनी छत्तीस वर्षे वाट पाहिली. २०२१ साली शर्यत परत आली, त्यांचाच व्हर्स्टॅपन जिंकला, आणि सगळे मैदान नारिंगी रंगाने फुलून गेले. पण तिला सरकारी पैशाचा आधार नव्हता. सगळा भार तिकिटांवर. शेवटी २०२४ च्या डिसेंबरात यजमानांनीच सांगून टाकले, की २०२६ ची शर्यत ही शेवटची. बंद पडेपर्यंत ताणायचे नाही. मैदान भरलेले असताना उठायचे.

आणि बेल्जियममधले स्पा. सौ.ने हे नाव प्रथम ऐकले तेव्हा ती म्हणाली, "त्यात काय? स्पा तर आपल्या चौकातही आहे!" हे स्पा म्हणजे आर्देनच्या जंगलातला सात किलोमीटरांचा चढउतारांचा रस्ता. एका वळणावर ऊन आणि दुसऱ्यावर पाऊस, अशी तिथली हवा. १९५० च्या त्या पहिल्या सातांत स्पा होते. २०२१ साली तिथे लोक दिवसभर पावसात भिजत बसले आणि त्यांना काय दिसले, तर संरक्षक मोटारीच्या मागून हळूहळू निघालेली दोन-चार फेऱ्यांची वरात. तरी पुढच्या वर्षी ते पुन्हा आले. अशा या जागेला २०२५ च्या जानेवारीत नवा करार मिळाला तो २०३१ पर्यंतचा, पण मधली २०२८ आणि २०३० ही वर्षे वगळून. म्हणजे एकाआड एक पाळी.

इथे वाचक म्हणतील, की तुम्हांला हॉलंड-बेल्जियमचे एवढे दुःख का? तर आता आपल्या घरची गोष्ट सांगतो.

भारतातही ही शर्यत होती. ग्रेटर नोइडाच्या बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे. पहिली शर्यत ३० ऑक्टोबर २०११ ची, भाऊबिजेनंतर दोनच दिवसांनी. ही तारीखसुद्धा सुखासुखी मिळालेली नव्हती. त्या वर्षी बहारीनमध्ये जनतेचा उठाव झाला म्हणून तिथली मार्चमधली शर्यत रद्द झाली. जूनमध्ये खेळाच्या नियामक मंडळाने ती पुन्हा घालायचे ठरवले आणि त्यासाठी तारीख निवडली ३० ऑक्टोबर! आम्हांला डिसेंबरात ढकलून दिले. जगभरच्या शौकिनांनी ओरड केली, संघांनी साफ विरोध केला, आणि आठवडाभरात तो बेत फिरला. आमची तारीख आमच्याकडे परत आली. प्रेक्षकांच्या मताला काडीइतकी किंमत नाही असे जे म्हणतात, त्यांना मी हा दाखला देतो. अर्थात संघांचे वजन त्याच पारड्यात पडले होते, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

त्या रविवारी चिरंजीव चार वर्षांचे होते. डब्यातल्या उरलेल्या चिवड्याची वाटी घेऊन माझ्या मांडीवर बसले होते. दोन दिवस आधी सरावाच्या वेळी धावपट्टीवर एक भटके कुत्रे शिरले होते. तेच पुन्हा येईल म्हणून स्वारी शेवटपर्यंत डोळे लावून होती. शर्यत जिंकला फेटल. पुढची दोन वर्षेही तोच जिंकला. २०१३ साली त्याचे चौथे अजिंक्यपद तिथेच पक्के झाले, तेव्हा गाडीतून उतरून त्याने गुडघे टेकून गाडीला नमस्कार केला. आई म्हणाली, "बघा, खंडेनवमी तिकडेही असते."

त्या दिवशी सहा वर्षांच्या मुलाने मला विचारले, "बाबा, आपण जाऊ या का तिथं?" मी म्हणालो, "अजून लहान आहेस. पुढच्या वर्षी नक्की."

पुढच्या वर्षी शर्यत नव्हती. २०१५ मध्ये येईल म्हणाले. तीही आली नाही. उत्तर प्रदेश सरकारच्या मते हा खेळ नव्हे, करमणूक. म्हणून करमणूक कर. शिवाय आयकराचा वाद, जो २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. कर असावा की नसावा, हे ठरवणारा मी कोण? पण सहा वर्षांच्या मुलाला कराची कारणे समजत नाहीत. त्याला एवढेच समजले, की बाबांनी शब्द दिला आणि पाळला नाही. पत्रिकेतून एक ओळ गळाली, ती अशी आमच्या घरात येऊन पडली.

म्हणून त्या वटपौर्णिमेला मी त्याला एकदम "वेडा आहेस" असे म्हणू शकलो नाही. गुंता सोडवला तो अखेर आईने. चोवीस हा आकडा ऐकून ती म्हणाली,

"एकादश्याही वर्षाला चोवीसच असतात रे. उपास मी सगळ्यांना करते. पण वारी निघते ती आषाढीला."

"पण आजी," चिरंजीव म्हणाले, "कुणी जास्त पैसे दिले म्हणून आषाढी दुसऱ्याच गावी नेली तर?"

"नेतील की. विठोबा हलायला हवा ना!"

एवढे बोलून तिने पुन्हा माळ हातात घेतली. पण मला जे सापडत नव्हते ते सापडले. पत्रिका बदलू नये, असे शौकिनांचे म्हणणे मुळात नाहीच. आपल्या पंचांगाइतके बदलणारे पंचांग दुसरे कुठले? दर तीन वर्षांच्या आसपास आपण सबंध महिना जादा घालतो. गंमत अशी, की २०२६ साली अधिक ज्येष्ठ येतो तो १७ मे ते १५ जून. म्हणजे कॅनडा आणि मोनॅको या वादग्रस्त तारखा दोन्ही अधिक मासातच पडतात! पण अधिक मास घालायचा कशासाठी? तर सण आपापल्या ऋतूंत राहावेत म्हणून. तो नसता तर दिवाळी हळूहळू सरकत पावसाळ्यात गेली असती. म्हणजे आपल्याकडे बदल होतो तो मूळचे ठिकाण टिकावे यासाठी.

हाच निकष लावून पाहा. विमानांच्या खेपा वाचाव्यात म्हणून मोनॅको दोन आठवडे सरकले, तर तो अधिक मास समजावा. हळहळावे, पण चालवून घ्यावे. वादळातून सुटका व्हावी म्हणून सुझुका वसंतात गेले, तर तेही मान्य. २०२३ च्या मे महिन्यात पुरामुळे इमोलाची शर्यत चार दिवस आधी रद्द झाली, तेव्हा कोण शौकीन रागावला? २०२० साली तर साथीने सगळे वेळापत्रकच पुसून टाकले. जुलैमध्ये ऑस्ट्रियाला सुरुवात झाली आणि मोडकीतोडकी सतरा शर्यतींची पत्रिका तयार झाली. तिच्यात मुजेल्लो, इमोला, इस्तंबूल अशा जागा आल्या आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतले. कारण प्रत्येक बदलाला एक कारण होते, आणि ते सर्वांना दिसत होते.

राग येतो तो दुसऱ्या प्रकारच्या बदलाचा. चोवीस एकादश्या करायच्या आणि आषाढीच पाळीपाळीने ठेवायची, याचा. नवी गावे जरूर यावीत. वरच्या मजल्यावरच्या मुलीचे म्हणणे खरे आहे. हा उत्सव सर्व जगाचा आहे आणि आपल्याही दारी तो पुन्हा यावा असे मलाही वाटते. परंतु नवे गाव पुढे जे क्षेत्र होऊ पाहते, ते कशाच्या जोरावर? सिल्व्हरस्टोन, मोंझा, स्पा इथे सत्तर-पंचाहत्तर वर्षे लोक भिजत, थंडीत कुडकुडत उभे राहिले, त्याच्या जोरावर. ती गर्दी हेच या खेळाचे भांडवल. ते मोडून खाल्ले, तर पुढे लास वेगासला तरी कशाचे दिवे लावणार? आणि नव्या गावालाही तीन वर्षांत उठवून लावले, तर ते क्षेत्र होणार केव्हा? बुद्ध सर्किट आजही जागेवर आहे. तिथे वारी मात्र पोहोचली नाही.

असो. गोष्ट इथेच संपवणार होतो. पण त्या रात्री जेवताना आणखी एक प्रकार झाला. चिरंजीवांनी मनात एक बेत बांधला होता, तो सहज बोलण्यात बाहेर आला. तीन वर्षांनी पदवी घ्यायची, तोवर शिकवण्या करून पैसे साठवायचे, आणि २०२८ च्या उन्हाळ्यात स्पा पाहायला जायचे.

"पण २०२८ ला स्पा नाहीच," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता पानातला भात कालवीत पुटपुटला, "ठीक आहे. पुढच्या वर्षी."

ते दोन शब्द मी ओळखले. बारा वर्षांपूर्वी ते माझेच होते.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयातून परत येताना बँकेत शिरलो आणि एक रिकरिंगचे खाते उघडून आलो. समोरच्या काकांनीच फॉर्म भरून दिला आणि कारण विचारले नाही. त्यांना ते कळले असावे. २०२७ च्या पत्रिकेत स्पा आहे. अध्यापकाच्या पगारात तोवर दोघांचे नाही तरी एकाचे भाडे जमावे. सौ.ला हे अजून सांगितलेले नाही. हा अंक घरी येईल तेव्हा तिला कळेलच, आणि तोवर फराळ झालेला असेल.